जालन्याची सळई आणि मांडीतला रॉड

अपघातात मांडीचं हाड मोडलं, मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, की घरी आल्यावर नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "रॉड मजबूत आहे ना? कोणत्या कंपनीचा टाकलाय?" मी हाडांचा डॉक्टर नाही, फिजिशियन आहे. तरीही शुगर-बीपी दाखवायला आलेली माणसं एक्स-रेचं पाकीट टेबलावर ठेवून हाच प्रश्न मला विचारतात. प्रश्न चुकीचा नाही, अपुरा आहे. 'मजबूत' या एका शब्दात आपण पाच-सहा वेगवेगळे गुण कोंबतो. गेल्या सव्वाशे वर्षांत शरीरात धातू बसवणाऱ्या सर्जनांनीही अनेकदा तेच केलं आणि त्याची किंमत पेशंटनी मोजली. तो इतिहास आज सांगतो. लेख थोडा लांबेल, पण तुमच्या घरात कोणाच्या शरीरात रॉड, प्लेट किंवा कृत्रिम सांधा असेल तर शेवटपर्यंत वाचा.

सळई आणि तुराटी

आपल्या भागातल्या माणसाला हा विषय समजावणं सोपं आहे. जालना म्हणजे सळईचं गाव. घर बांधलेल्या प्रत्येकाला 'टीएमटी' आणि 'एफई ५००' हे शब्द माहीत असतात. त्यातल्या ५००चा अर्थ असा: सळईच्या दर चौरस मिलिमीटरवर ५०० न्यूटन, म्हणजे साधारण ५० किलोची ओढ पडेपर्यंत ती कायमची ताणली जात नाही, ओढ सोडली की पूर्ववत होते. ही झाली ताकद. पण सळई घेताना गवंडी आणखी एक गोष्ट बघतो, ती वाकवून. वाकवताना तडा गेला तर माल परत. हा दुसरा गुण, तुटण्याआधी वाकण्याची तयारी. भूकंपात इमारत याच गुणावर तग धरते.

रोलिंग मिलमध्ये लालभडक सळई बाहेर पडताच तिच्यावर पाण्याचा मारा करतात. बाहेरचा थर झटकन थंड होऊन कडक होतो, आतला गाभा सावकाश थंड होऊन मऊ आणि चिवट राहतो. बाहेर कडक, आत चिवट. गंमत म्हणजे तुमच्या मांडीच्या हाडाची रचनाही काहीशी अशीच आहे: बाहेर घट्ट, टणक नळी, टोकांना आत जाळीदार, स्पंजासारखं हाड. १८६६मध्ये झुरिचला कार्ल कुल्मान नावाच्या इंजिनिअरने मांडीच्या हाडाचा उभा छेद पाहिला. त्यातल्या जाळीच्या रेषा त्याला क्रेनच्या आराखड्यात तो स्वतः काढत असलेल्या ताण-दाबाच्या रेषांसारख्या दिसल्या. जिथे भार पडतो तिथेच शरीराने माल घातला होता. एवढा काटकसरी कंत्राटदार मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

आता तुरीकडे या. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राने तुरीचे वाण काढले, ते आपल्या शिवारात घरोघर पोचले. तेव्हा तुराटी सगळ्यांच्या ओळखीची. हिरवं तुरीचं झाड वाकवलं तर ते वाकतं, फार तर एका बाजूने चिरतं. वाळलेली तुराटी मात्र कडकन मोडते. लहान मुलांचं हाड हिरव्या तुरीसारखं असतं. ते अनेकदा पूर्ण मोडत नाही, एका बाजूने पिचतं. म्हातारपणी ते तुराटीसारखं होतं आणि बाथरूममध्ये साधं घसरणंही पुरतं. हाड तेच, पण त्याचा चिवटपणा गेलेला असतो.

खाऱ्या पाण्यातलं लोखंड

मोडलेलं हाड तारेने बांधायचे प्रयत्न जुने आहेत. जंतुविरहित शस्त्रक्रियेचा पाया घालणाऱ्या जोसेफ लिस्टरने १८७७मध्ये गुडघ्याची मोडलेली वाटी चांदीच्या तारेने जोडली. त्याआधी अशी जखम उघडी केली की पू होणार आणि पाय किंवा जीव जाणार, असंच समीकरण होतं. जंतूंचा प्रश्न आटोक्यात येऊ लागल्यावर खरा प्रश्न पुढे आला: आत बसवायचं काय?

लंडनच्या विल्यम आर्बुथनॉट लेन या सर्जनने पोलादी स्क्रू आणि पुढे पोलादी प्लेट वापरायला सुरुवात केली. लेन विलक्षण काटेकोर होता. जखमेला बोटही लागू नये म्हणून सगळं काम लांब दांड्याच्या हत्यारांनी करायचा. त्याच्या पेशंटमध्ये जंतुसंसर्ग कमी व्हायचा, पण प्लेट गंजायच्या आणि अनेकदा स्क्रूच्या भोकापाशी मोडायच्या. १९१२मध्ये अमेरिकेत विल्यम शेरमन याने व्हॅनेडियम घातलेल्या जास्त दणकट पोलादाच्या, सुधारित आकाराच्या प्लेट काढल्या. त्या मोडायच्या कमी, पण गंजायच्या तशाच.

याचं कारण साधं आहे. आपलं शरीर म्हणजे ३७ अंशांचं खारं पाणी. दवाखान्यात लावतात त्या सलाईनमध्ये लिटरला ९ ग्रॅम मीठ असतं, कारण रक्ताशी जुळणारं प्रमाण तेच. बांधकामावर पावसाळाभर उघडी पडलेली सळई कशी होते ते आपण पाहतो. ताकदीपुरतं बोलायचं तर चांगली टीएमटी सळई हाडातल्या स्टीलच्या फार मागे नाही. पण ती शरीरात ठेवली तर गंजून आजूबाजूचं मांस काळं पडेल, सूज येईल आणि हाड जुळायच्या आधीच ती सैल होईल. सिमेंटच्या आत सळई गंजापासून बऱ्यापैकी सुरक्षित असते. शरीरात तिला असं कवच मिळत नाही.

ते कवच धातूने स्वतःच तयार करायचं, ही पुढची पायरी. १९१३मध्ये इंग्लंडमधल्या शेफिल्डला हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळीसाठी टिकाऊ पोलाद शोधत होता. भरपूर क्रोमियम घातलेलं त्याचं पोलाद गंजत नाही, असं त्याच्या लक्षात आलं. क्रोमियम हवेतल्या प्राणवायूशी मिळून पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा पातळ थर धरतं. ओरखडा उठला तरी तो थर पुन्हा धरला जातो. आज हाडात वापरतात ते '३१६ एल' जातीचं स्टील याच घराण्यातलं: त्यात १७-१८ टक्के क्रोमियम, भरपूर निकेल आणि खाऱ्या पाण्यात बारीक खड्डे पडू नयेत म्हणून थोडं मॉलिब्डेनम. कार्बन ०.०३ टक्क्यांच्या आत, म्हणजे सळईतल्या कार्बनच्या साधारण दहावा हिस्सा. चुंबक जवळ नेलात तर सळई खेचली जाईल, हे स्टील जवळजवळ नाही. आजकालचे बहुतेक रॉड-प्लेट असलेल्या माणसांचा एमआरआय होऊ शकतो, तो यामुळे. तरी एमआरआयवाल्याला शरीरात धातू आहे हे आधी सांगायचंच.

आणखी एक धडा १९३७मध्ये मिळाला. अमेरिकेतल्या व्हेनेबल आणि स्टक या सर्जनांनी प्राण्यांच्या हाडांत वेगवेगळे धातू बसवून पाहिले. प्लेट एका धातूची आणि स्क्रू दुसऱ्या धातूचा असला, की खाऱ्या पाण्यात त्यांची छोटी बॅटरीच तयार होते आणि एक धातू दुसऱ्याला खातो. म्हणून प्लेट आणि स्क्रू एकाच जातीचे लागतात, मिळेल तो स्क्रू लावून भागत नाही. त्यांच्या प्रयोगांत कोबाल्ट-क्रोमियमचा व्हायटॅलियम हा मिश्रधातू सर्वांत शांत राहिला. तो मुळात दातांच्या कवळ्यांसाठी बनलेला. बोस्टनच्या स्मिथ-पीटरसनलाही तो त्याच्या दंतवैद्याने सुचवला. हा सर्जन १९२३पासून खुब्याच्या झिजलेल्या गोळ्यावर काचेची टोपी बसवत होता. काच गुळगुळीत, गंज नाही, शरीर कुरकुरत नाही. दाबात ती कठीणही असते. पण ती ठिसूळ. टोप्या आत फुटायच्या. १९३८मध्ये त्याने व्हायटॅलियमची टोपी बसवली तेव्हा कुठे तो प्रश्न सुटला.

रॉड थकतो

हा भाग नीट वाचा, कारण रॉड मोडल्याच्या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा इथे असतं.

बाइंडिंग तार हाताने ओढून तुटत नाही, पण तीच तार पुढे-मागे दहा-पंधरा वेळा वाकवली की तुटते. १८४२मध्ये फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला जाणाऱ्या रेल्वेचा आस मोडून भीषण अपघात झाला. आस जुनाट किंवा गंजलेला दिसत नव्हता. पुढे जर्मनीत ऑगस्ट व्होलर याने रेल्वेच्या आसांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले आणि दाखवलं की एका झटक्यात जो भार धातू सहज पेलतो, तोच भार लाखो वेळा आला तर धातूला सूक्ष्म चीर पडते, ती रोज केसभर वाढते आणि एक दिवस तो मोडतो. याला धातूचा थकवा म्हणतात. माणसासारखा तो झोपून जात नाही, ही अडचण.

आता हिशेब करा. दिवसाला पाच हजार पावलं म्हणजे एका पायावर अडीच हजार. सहा महिन्यांत साडेचार लाख. प्रत्येक पावलाला खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो. साठ किलोच्या माणसात दीडशे ते एकशेऐंशी किलो. हाड जुळलं नसेल तर हा सगळा भार रॉडवर. हाड जुळत गेलं की ते आपला वाटा उचलू लागतं आणि रॉड मोकळा होतो. म्हणजे ही शर्यत आहे: आधी हाड जुळतं की आधी रॉड थकतो? न जुळलेल्या हाडात बसवलेला, जगातल्या सर्वांत महागड्या कंपनीचा रॉडसुद्धा शेवटी मोडतो. एक्स-रेत मोडलेला रॉड दिसला की लोक कंपनीला आणि सर्जनला दोष देतात. क्वचित तो खराही असतो. पण बहुतेक वेळा मोडलेला रॉड हे हाड न जुळल्याचं लक्षण असतं.

इथे फिजिशियन म्हणून माझा संबंध येतो. शर्यतीत रॉडचा वेग तुम्ही बदलू शकत नाही, हाडाचा बदलू शकता. तंबाखू आणि विडी हाडाच्या टोकांकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात. शुगर २५०-३०० राहिली तर हाड उशिरा जुळतं आणि जंतुसंसर्गाची भीती वाढते. ड जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे, दिवसभर उन्हात राबणाऱ्यांतसुद्धा, मला सर्रास दिसते. आणि तुरीची काढणी आली म्हणून वॉकर भिंतीला टेकवून शेतात गेलेल्या माणसाला मी काय सांगणार? आजच्या जाड, दोन्ही टोकांना स्क्रू लावलेल्या रॉडवर काही पेशंटना लवकर पाय टेकायला सांगतात, काहींना तीन-तीन महिने नाही. शेजाऱ्याचं ऐकू नका. तुमचं हाड कसं मोडलंय यावर ते ठरतं आणि ते सर्जनलाच ठरवू द्या.

हाडाच्या पोकळीतून रॉड घालण्याची आजची पद्धत जर्मनीतल्या कील शहरातल्या गेऱ्हार्ड क्युंचर याने १९३९मध्ये सुरू केली. कल्पना सोपी आहे. प्लेट हाडाच्या एका बाजूला बसते, त्यामुळे पाय टेकला की ती वाकू पाहते. रॉड मधोमध असतो, त्यामुळे वाकवणारा जोर कमी पडतो. महायुद्धामुळे ही बातमी बाहेर गेलीच नाही. युद्धकैदेतून सुटून घरी परतलेल्या इंग्लिश-अमेरिकन वैमानिकांचे एक्स-रे काढले तेव्हा मांडीच्या हाडात लांबलचक पोलादी नेल पाहून तिकडचे डॉक्टर चक्रावले.

गोल की चौकोनी?

ताकद धातूत असते तशीच आकारातही असते. खाटेच्या गोल पायापेक्षा चौकोनी पाया हाताने फिरवणं कठीण, कारण कोपरे अडतात. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं असतात. घास घेताना, कुलूप उघडताना ती एकमेकांभोवती फिरतात. त्यात गोल, गुळगुळीत नेल घातला तर मोडलेले तुकडे त्याच्यावर गोल फिरत राहतात. मुंबईच्या डॉ. तळवलकरांच्या नावाने ओळखला जाणारा चौकोनी नेल याच प्रश्नाचं उत्तर आहे. त्याच्या कडा हाडाच्या आतल्या भिंतीत रुततात आणि फिरणं कमी होतं. 'तळवलकर नेल' हे नाव भारतातल्या हाडांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये आजही ऐकू येतं. मोठी मशिनरी नाही, महाग धातू नाही, फक्त छेद गोलाऐवजी चौकोनी.

दुसरं मुंबईचं देणं म्हणजे डॉ. बी. बी. जोशी यांची 'जेस' पद्धत. यात हाडातून बारीक तारा आरपार घालून बाहेर हलक्या सळ्यांच्या सांगाड्याला जोडतात. बोटांची मोडलेली हाडं, चिघळलेल्या जखमेखालची हाडं आणि जन्मतः वाकडी पावलं यांसाठी तिचा उपयोग झाला. बाळाचं वाकडं पाऊल एकदम सरळ करता येत नाही. रोज थोडा ताण दिला की ऊती ताणल्या जातात आणि नव्या वाढतात. सांगाडा हलका आणि थोडा लवचीक असणं हा इथे गुणच आहे.

आणि शरीराबाहेरच्या साधनांमध्ये पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरचं नाव घ्यायलाच हवं. दुसऱ्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांसाठी ते १९४४मध्ये सुरू झालं. लाकूड, चामडं, अ‍ॅल्युमिनियम, प्लास्टिक, कार्बन फायबर असा कृत्रिम पायाचा प्रवास झाला. तिथे प्रश्न गंजापेक्षा वजनाचा: पाय जड झाला की माणूस तो खुंटीला टांगून ठेवतो.

गुळगुळीत म्हणजे टिकाऊ नव्हे

सांधा बदलण्याचा इतिहास रॉडपेक्षा रंजक आणि जास्त दुःखद आहे.

१९४६मध्ये फ्रान्सच्या ज्युडे बंधूंनी खुब्याचा गोळा अ‍ॅक्रिलिक प्लास्टिकचा बसवला. या प्लास्टिकचं नशीब डोळ्यात उजळलं. लढाऊ विमानाच्या काचेचे, म्हणजे अ‍ॅक्रिलिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यात घुसूनही डोळा सुजत नाही, हे लंडनच्या हॅरोल्ड रिडलीने पाहिलं होतं. त्यावरून १९४९मध्ये त्याने मोतीबिंदूनंतर बसवायचं पहिलं कृत्रिम भिंग केलं. भिंगावर भार नसतो. खुब्यावर असतो. तिथे हे गोळे झिजले आणि मोडले. मँचेस्टरच्या जॉन चार्नली या सर्जनकडे असाच एक पेशंट आला. त्याच्या खुब्यातून एवढा करकर आवाज यायचा की बायको त्याच्याबरोबर एका खोलीत बसायला तयार नव्हती.

चार्नलीने त्या करकरीतून घर्षणाचा विचार सुरू केला. घर्षण कमी करायचं तर सर्वांत निसरडा पदार्थ हवा. तो होता टेफ्लॉन, आपल्या न चिकटणाऱ्या तव्यावरचा. १९५८च्या सुमारास त्याने खुब्यात टेफ्लॉनची वाटी बसवायला सुरुवात केली. पेशंट दुसऱ्या आठवड्यात वेदनेशिवाय चालू लागायचे. सुमारे तीनशे लोकांना ही वाटी बसली. दोन-तीन वर्षांत धातूचा गोळा टेफ्लॉन घासत आत शिरू लागला आणि झिजेच्या भुग्याभोवती मोठ्या गाठी तयार होऊन हाड खाल्लं जाऊ लागलं. टेफ्लॉन निसरडं होतं, पण मऊ होतं आणि त्याचा भुगा शरीराला सोसत नव्हता. चार्नलीने एकेक पेशंट परत बोलावून स्वतः पुन्हा ऑपरेशन केली.

मग १९६२मध्ये एक विक्रेता त्याच्या प्रयोगशाळेत एका नव्या प्लास्टिकचा तुकडा घेऊन आला. लँकेशायरच्या कापड गिरण्यांमधल्या यंत्रमागांचे भाग त्यापासून बनायचे. चार्नलीने नखाने दाबून पाहिलं आणि हे चालणार नाही म्हणून विषय सोडला. त्याचा मदतनीस हॅरी क्रेव्हन याने मात्र साहेब परदेशी गेल्यावर तो तुकडा घर्षणाच्या यंत्रावर चढवला. तीन आठवडे यंत्र चाललं तरी टेफ्लॉन एका दिवसात झिजायचं तेवढीही झीज झाली नाही. हे होतं जास्त घनतेचं पॉलिथिन. पिशवीतल्या पॉलिथिनचाच भाऊ, पण रेणूंच्या साखळ्या अतिशय लांब. चार्नलीने आता घाई केली नाही. टेफ्लॉन आणि हे पॉलिथिन यांचे बारीक कण त्याने स्वतःच्या मांडीत टोचून घेतले. काही महिन्यांनी टेफ्लॉनच्या जागी गाठी हाताला लागत होत्या, पॉलिथिनच्या जागी काही नव्हतं. नोव्हेंबर १९६२मध्ये त्याने नवी वाटी बसवायला सुरुवात केली. आज तुमच्या आईच्या गुडघ्यात दोन धातूंच्या मधे जे प्लास्टिक आहे, ते याच पॉलिथिनचं सुधारलेलं रूप.

आणि सिमेंट. 'गुडघा सिमेंटने चिकटवला' असं लोक म्हणतात. हे सिमेंट चिकटवत नाही; फरशीखाली माल भरतो तसं धातू आणि हाडामधली फट भरून भार सारखा वाटून देतं. तेही अ‍ॅक्रिलिकच, दंतवैद्यांकडूनच आलेलं. हाडांच्या डॉक्टरांनी दंतवैद्यांचे आभार कितीदा मानावेत?

ताठपणाचं काय?

एक गुण राहिला. हाडापेक्षा स्टील दहापट ताठ आहे. म्हणजे तेवढ्याच भाराखाली ते दहावा हिस्साच लवतं. ऐकायला छान वाटतं. पण ताठ माणसाच्या शेजारी उभं राहिलं की तोच सगळं उचलतो. जाड प्लेटखालच्या हाडावर भार येत नाही आणि भार नसलेलं हाड पातळ होत जातं. जर्मनीतल्या युलिउस वोल्फने १८९२मध्ये मांडलेला नियमच आहे तो: हाड कामाप्रमाणे घडतं. बिछान्यावर पडून राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाची हाडं विरळ होतात, त्याचं कारणही हेच.

टायटॅनियमचं महत्त्व इथे येतं. विमानांसाठी विकसित झालेले त्याचे मिश्रधातू स्टीलच्या निम्मेच ताठ, वजनालाही हलके आणि गंजाला दाद न देणारे. स्वीडनमध्ये १९५२च्या सुमारास पेर-इंगवार ब्रोनेमार्क सशाच्या हाडात टायटॅनियमची नळी बसवून रक्तप्रवाह पाहत होता. प्रयोग संपल्यावर नळी निघेना. हाड तिला घट्ट धरून वाढलं होतं. आजचे दातांचे इम्प्लांट त्यातून आले.

मग सगळीकडे टायटॅनियमच का नको? कारण घासणीला ते कच्चं आहे. गुडघ्याच्या वरच्या, सतत सरकणाऱ्या भागासाठी साधारणपणे कोबाल्ट-क्रोमियम वापरतात आणि हाडात रुतणाऱ्या भागासाठी टायटॅनियम चालतं. मोडक्या हाडासाठी स्टीलही अनेकदा पुरेसं असतं. 'टायटॅनियमचा घ्या, चांगला असतो' असं कोणी सांगितलं तर एवढंच विचारा: माझ्या या हाडात त्याचा कोणता गुण कामाला येणार? चांगला सर्जन एका वाक्यात उत्तर देतो.

पुण्याच्या डॉ. के. एच. संचेती यांनी 'इंडस' नावाचा गुडघा विकसित केला, त्यामागेही असाच विचार होता. परदेशी गुडघे तिथल्या मोठ्या हाडांच्या मापाचे आणि खुर्चीत बसणाऱ्या माणसासाठी बेतलेले. आपल्याला मांडी घालून जेवायचं असतं, देवापुढे बसायचं असतं. गुडघा जास्त वाकला की पॉलिथिनच्या लहानशा भागावर मोठा दाब येतो. म्हणून आकार आणि वक्रता बदलावी लागते, नुसता धातू बदलून चालत नाही. किंमतही आपल्या माणसाला झेपावी, हा त्यामागचा दुसरा हेतू. पुढे ऑगस्ट २०१७मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा आणली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याला तेव्हा जीएसटी सोडून ५४,७२० रुपये ठरले. बिलात इम्प्लांटची किंमत वेगळी दाखवायला सांगा, तो तुमचा हक्क आहे.

कठीणावर कठीण

एवढं सगळं शिकूनही चूक पुन्हा झाली, तीही आपल्या डोळ्यांदेखत. पॉलिथिन झिजतं ना, मग ते काढूनच टाकू. धातूच्या वाटीत धातूचाच गोळा बसवू, अशी कल्पना जोरात आली. दोन्ही अतिशय कठीण, आरशासारखे घासलेले. तरुण पेशंटसाठी जन्मभराचा खुबा म्हणून त्याची जाहिरात झाली. डीप्यू कंपनीचा एएसआर हा असाच खुबा. ऑगस्ट २०१०मध्ये कंपनीने तो जगभरातून परत मागवला, तोवर सुमारे ९३,००० लोकांच्या शरीरात तो बसला होता. त्यांपैकी भारतात सुमारे ४,७००. पाच वर्षांत शंभरातल्या बारा-तेरा जणांवर पुन्हा ऑपरेशनची वेळ येत होती. खुबा मोडत नव्हता. धातूवर धातू घासून कोबाल्ट आणि क्रोमियमचे अतिसूक्ष्म कण सुटत होते, आजूबाजूचं मांस मरत होतं आणि रक्तात धातू चढत होता. केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने बाधितांना किमान २० लाख रुपये भरपाईची शिफारस केली.

पण भारतातल्या बहुसंख्य पेशंटचा पत्ताच लागला नाही. त्यांना आपल्या खुब्यात काय आहे हे माहीत नव्हतं आणि कागद सापडत नव्हते. म्हणून सांगतो: प्रत्येक इम्प्लांटच्या खोक्यात कंपनीचं नाव, माप आणि लॉट नंबर छापलेले स्टिकर असतात. ते तुमच्या डिस्चार्ज कार्डावर चिकटवलेले आहेत का, ते घरी निघण्याआधी बघा. नसतील तर मागून घ्या आणि त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. दहा वर्षांनी रॉड काढायचा झाला, तरी कोणत्या मापाचं हत्यार लागेल हे सर्जनला त्यावरूनच कळतं.

घाबरून ऑपरेशन टाळू नका, हेही सांगायला हवं. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत बदललेल्या शंभर गुडघ्यांपैकी सुमारे ८२ गुडघे पंचवीस वर्षांनंतरही टिकून होते.

शेवटी, लोक दबक्या आवाजात विचारतात त्या प्रश्नाबद्दल. राख सावडताना अस्थींबरोबर रॉड किंवा गुडघ्याचे भाग जसेच्या तसे मिळतात आणि घरचे गोंधळतात. त्यात वावगं काही नाही; स्टील वितळायला १,४०० अंशांच्या आसपास आणि टायटॅनियमला १,६६८ अंश लागतात, तेवढी चितेची आग तापत नाही. ते धातू बाजूला काढून ठेवले तरी चालतात. पेसमेकर असेल तर मात्र तो दहनाआधी काढावाच लागतो, कारण त्याची बॅटरी आगीत स्फोट होऊन फुटते. अशा वेळी दवाखान्यातून निघण्याआधी तिथल्या डॉक्टरांना सांगा. छोटा छेद घेऊन तो काही मिनिटांत काढता येतो.